छापून झालेल्या पुस्तकासाठी प्रार्थना

अण्णा, आता तुझं नाव घ्यायचं नाही म्हणे.

असं मला कुणी तोंडावर सांगितलं नाही. आपल्या चर्चच्या मंडळीत ते सांगावं लागत नाही. आपण गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाही, मागे राहिलेल्यांसाठी करतो. जो गेला तो प्रभूच्या हातात गेला, त्याच्यासाठी आता मागायचं काय उरलं, हे बाबांनी आपल्याला लहानपणीच शिकवलेलं. मी ते माझ्या पोरांना शिकवलं. कुणाच्या दफनाला गेले की तिथल्या रडणाऱ्या बायकांनाही हेच सांगत आले, आणि सांगताना माझा आवाज कधी कापला नाही. पण निपाणीला माझ्या घरात रोज जेवणं आटोपली की मी डोळे मिटते आणि नावं घ्यायला लागते. नवरा, पोरं, सुना, मग तू, मग वहिनी. हा क्रम माझं लग्न झाल्यापासूनचा आहे, पोरं आणि सुना तेवढ्या मागाहून आल्या. तू जाऊन महिना होत आला, तरी सुनांपर्यंत येते आणि पाय अडखळल्यासारखी थांबते. तुला वगळून वहिनीवर उडी मारायचं मला जमत नाही. परवा तर मी तिथंच डोळे उघडले आणि भांडी घासायला उठले.

तुला हे विचारता आलं असतं तर तू हसला असतास. कधी जन्मालाच न आलेल्या पोरीसाठी अख्ख्या सभेला गुडघे टेकायला लावणारा माणूस तू. तुझ्या हिशेबानं गेलेला माणूस म्हणजे फारच खरा.

त्या पोरीवरून आपलं भांडण अर्धवट राहिलंय, ते काही मी विसरलेले नाही. पण त्याआधी बाबांपासून सुरुवात करायला हवी, कारण तुला हे राक्षसांचं आणि जादूगारांचं वेड लागलं त्याला बाबाच कारण आहेत. बाबा चर्चचे प्रचारक. सायकलवरून खानापूरकडच्या खेड्यांतून फिरायचे, आणि रचलेल्या गोष्टींचा त्यांना भारी राग. परी, चेटकीण, बोलणारं झाड, सगळं त्यांच्या लेखी सैतानाच्या दुकानातला माल. तू शाळेत असताना दप्तरात लपवून आणलेलं ते पुस्तक त्यांना सापडलं. वर पंखवाला सरडा, तोंडातून जाळ. मी दाराआड उभी राहून आता तुला किती पडतील याचा अंदाज घेत होते.

"हे खोटं हाय," बाबा म्हणाले.

तू विचारलंस, "बाबा, ज्याचं एक मेंढरू हरवलंतं, त्या मेंढपाळाचं नाव काय?"

"त्याला नाव न्हाय. तो प्रभूनं सांगितलेला दाखला हाय."

"म्हंजे प्रभूनं रचला व्हय?"

बाबांनी अख्खी भाकरी खाल्ली. हात धुतले, पंचाला पुसले, मग म्हणाले, "वाच. पण वाचून झालं की मला सांगायचं, त्यात देव कुठं हाय."

"त्यात देवाचं नावच न्हाय बाबा."

"नाव नसंना का. कुठं हाय ते सांग."

तेव्हापासून आपल्या घरात प्रत्येक राक्षसाला बाबांपुढे परीक्षेला बसावं लागलं. तू जेवताना गोष्ट सांगायचास आणि शेवटी देव शोधून द्यायचास. कधी तो एखाद्या म्हातारीनं वाटसरूला दिलेल्या पेजेत असायचा, कधी हातात तलवार असून न मारणाऱ्या शिपायात. एकदा तुला काही केल्या सापडेना, तर बाबाच म्हणाले की तो राजा रडला ना, तिथं बघ. पुढं पुढं तर बाबांनाच धीर निघेना. सायकल टेकवायच्या आधी विचारायचे, "त्या सरड्याचं पुढं काय झालं रं?" आई म्हणायची, आधी हातपाय धुवा, सरडा कुठं जात नाही.

नंतर तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागलास, कॅम्पात घर केलंस, आणि तुझी चैन झाली. मिलिटरीतल्या साहेबांच्या बदल्या झाल्या की त्यांच्या घरची इंग्रजी पुस्तकं रद्दीवाल्याकडं किलोवर यायची, आणि त्या रद्दीवाल्यानं तुला कधी निरोप पाठवला नाही असं झालं नाही. फक्त ही पुस्तकं तीन-तीन, चार-चार भागांची, आणि साहेब लोक अख्खा संच कधी टाकत नाहीत. त्यामुळे तुझ्याकडं बहुतेक गोष्टींचा दुसरा भाग होता आणि पहिला नव्हता. तू म्हणायचास, "पहिला भाग नसला म्हणून काय बिघडलं? आपणबी जगात मधूनच आलोय की." वहिनी कपाळाला हात लावायच्या.

दर शनिवारी संध्याकाळी तुझा फोन यायचा. आधी तब्येत, मग पोरं, मग मंडळीतलं राजकारण, आणि मग तू घसा खाकरलास की मला कळायचं, आता सुरू होणार. तू मला ती पुस्तकं आपल्या भाषेत सांगायचास. बर्फातला किल्ला सांगताना तुझ्या तोंडी संकेश्वरचा बाजार यायचा, आणि घोडेस्वार यायचे ते काकतीच्या चढावरून यावेत तसे. मी शाळेत मराठी शिकवणारी बाई, मला त्यात सतरा चुका दिसायच्या. एवढं सैन्य डोंगरात महिनाभर फिरतं तर त्यांची भाकरी कोण थापतं, असं मी विचारायचे. तू म्हणायचास, "तुला लढाईपेक्षा भाकरीचीच काळजी." तरी शनिवारी संध्याकाळी मी कुणाकडं वाढदिवसाला, बारशाला, कुठंच जात नव्हते, हे तुला ठाऊक होतं. मी कधी बोलून दाखवलं नाही, तूही विचारलं नाहीस.

पुस्तक उघडलं की तू आधी नकाशा बघायचास. नद्या, घाट, जंगलं, नसलेल्या राज्यांच्या सीमा. मला म्हणाला होतास, "आपल्याकडं नकाशा काढला की भांडण हुतं, हितं नकाशा काढला की गोष्ट हुती." आपल्या चर्चमध्ये आठ वाजता मराठी उपासना आणि मग कन्नड, आणि तू दोन्हींना बसून दोन्हींत तेवढ्याच बेसूर गाणारा. मी एकदा चेष्टेनं विचारलं, वर स्वर्गात पाटी कुठल्या भाषेत असेल. तू चेष्टा केली नाहीस. म्हणालास, "पाटीच नसंल गं. सगळ्यांना वाट ठाऊक असंल." आणि मग बराच वेळ फोनवर काही बोलला नाहीस.

तसं गप्प होणं तुझं वाढलं होतं शेवटच्या वर्षात. मारिनचं पुस्तक हातात आलं तेव्हापासून. मारिन ही एका नावाड्याची मुलगी, आईबाप नाहीत, हिच्या गळ्यात एक घंटा येते. ती घंटा दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही. जिच्याकडं असेल तिलाच ऐकू येते, आणि ऐकू आली की तिला एका गावाची ओढ लागते, जे तिनं कधी पाहिलेलं नाही. ते गाव तळ्याखाली बुडालंय म्हणतात. आणि ही पोरगी ती घंटा परत तिथं पोचवायला एकटी निघते. तू हे सांगितलंस आणि म्हणालास, "रूथ, मला असं होतंय. लहानपणापासून होतंय. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात मेणबत्त्या लावून आपण गातो की न्हाय, तवा होतंय. आणि ही पुस्तकं वाचताना होतंय. दुसरीकडं कुठं एवढं होत न्हाय."

"उपासनेत होत न्हाय?" मी विचारलं.

"उपासनेत लोकांच्या चपला मोजतो मी," तू म्हणालास. मला हसू आलं, पण मी ते दाबलं, कारण मोठ्या भावाला अशा बाबतीत उत्तेजन द्यायचं नसतं.

मग मोतीबिंदूमुळं तुझं वाचन मंदावलं. दिवसाला चार पानं, कधी दोन. मारिन डोंगरात अडकली आणि तूही तिथंच अडकलास. आणि एका गुरुवारी, घरोघरी फिरणारी आपली प्रार्थनासभा तुझ्याकडं असताना, पाळकसाहेबांनी विचारलं की कुणाची काही विनंती आहे का, तर तू उभा राहिलास. "मारिन म्हणून एक पोरगी हाय. आईबाप न्हाईत. लांब परमुलखात एकटीच चाललीया. तिच्यासाठी मागा."

मंडळीनं मागितलं. आपली मंडळी तशी आहे, नाव दिलं की मागते, कूळगोत विचारत नाही. राहेलमावशी, त्या पलीकडच्या गल्लीतल्या सुभेदारांच्या विधवा, त्यांनी तर पोरगी मनावरच घेतली. सख्खी नातवंडं सगळी बाहेरगावी, त्यात ही एक भर. दर गुरुवारी विचारायच्या, "पोचली का वो तुमची मारिन?" आणि तू, तोंडावरची माशी हलू न देता सांगायचास, "अजून न्हाय मावशी. बर्फ लई हाय." मावशी पुन्हा गुडघे टेकायच्या. सांधे दुखतात म्हणून ज्यांना पाळकसाहेबांनी खुर्चीवर बसून प्रार्थना करायची मोकळीक दिलेली, त्या.

हे मला काहीच ठाऊक नव्हतं. मी तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर भेटायला आले ती नेमकी गुरुवारी. तू सभेत उभा राहिलास, डोळ्याला हिरवी पट्टी, आणि म्हणालास, "मारिन पोचली." राहेलमावशींनी तोंडाला पदर लावला. कुणीतरी उपकारस्तुतीचं गीत काढलं, अख्खी सभा टाळ्या वाजवत गायला लागली, आणि शेजारच्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं म्हणून मीही गायले. दुसरं कडवं संपलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ही ती घंटेवाली. त्यानंतरची कडवी मी कशी गायले ते माझं मला माहीत.

लोक गेल्यावर वहिनी चहा ठेवायला आत गेल्या आणि मी सुरू केलं.

"अण्णा, देवाच्या सभेत थट्टा करतोस व्हय?"

"थट्टा कोण करतंय? मला खरंच काळजी लागलती तिची. जेवण जाईना."

"मग मावशीला सांगायचं हुतंस, पुस्तकातली हाय म्हणून."

"त्यांनी विचारलं न्हाय."

आतून वहिनी म्हणाल्या, "मी रोज जेवताना ऐकत हुते. मला वाटलं सगळ्यांनाच ठाऊक हाय."

मग मी तुला ते विचारलं, जे आता महिनाभर मी स्वतःलाच विचारतेय. म्हटलं, "पुस्तक छापून झालंय अण्णा. तू रद्दीतनं आणलंस तवाच शेवटचं पान लिहिलेलं हुतं. ती पोचणार का न्हाय हे ठरलेलं. तुम्ही सगळ्यांनी मागून काय बदलणार हुतं?"

"कायबी न्हाय."

"मग?"

"मला तिला एकटं सोडवंना," तू म्हणालास.

हे उत्तर नव्हे, असं मी तुला तिथंच सांगितलं, आणि अजूनही सांगते. तू म्हणालास, "देवापुढं तरी कुठलं पान छापायचं राह्यलंय? बाबा रोज मागायचेच की." मी म्हटलं, ते खऱ्या माणसांसाठी मागायचे, त्यात फरक आहे. तू म्हणालास, काय फरक आहे ते सांग. मी सांगायला तोंड उघडलं आणि वहिनी म्हणाल्या की निपाणीची बस चुकेल. तू पट्टी बांधलेल्या डोळ्यानिशी मला रिक्षापर्यंत सोडायला आलास आणि वाटेत एकदासुद्धा तो विषय काढला नाहीस. मावशीला सांगायला हवं होतं, यावरून मात्र मी तसूभर हलणार नाही. आता त्यांना सांगून काही उपयोग नाही. उत्तर मिळालेल्या प्रार्थना त्या बोटांवर मोजून दाखवतात, त्यात नातवाच्या नोकरीनंतर मारिन येते.

शेवटच्या शनिवारी तुझा फोन आला तेव्हा तू खुशीत होतास. म्हणालास, "नाताळला चार दिवस आधी ये. करंज्या करायला न्हवं, त्या तुझी वहिनी करंल. तुला एक मुद्दा सांगायचाय. तुझ्या छापलेल्या पानाचं उत्तर सापडलंय मला." मी म्हटलं, आत्ताच सांग की. "फोनवर न्हाय. तुझं तोंड बघायचंय मला." बुधवारी सकाळी वहिनी पेपर घेऊन आल्या तर तू खुर्चीत गेलेला होतास.

काय होता तो मुद्दा, अण्णा? मी वहिनींना विचारलं, त्यांना माहीत नाही. पाळकसाहेबांना विचारलं, त्यांच्याशी तू क्रिकेटचंच बोलायचास म्हणे. मारिनचं पुस्तक मी निपाणीला घेऊन आले आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचते. मला ते वाचायला तुझा आवाज लागतो. किल्ला आला की संकेश्वरचा बाजार दिसत नाही, नुसता किल्ला दिसतो. त्या पोरीची घंटा वाजते असं लिहिलंय त्या पानावर मी थांबते, आणि मला जी ओढ लागते ती तळ्याखालच्या गावाची नसते. कॅम्पातल्या तुझ्या घराची असते, शनिवारी सहा वाजता.

काल गुरुवार होता. तू गेल्यानंतर सभा पहिल्यांदाच तुझ्या घरी होती. वहिनींनीच मागून घेतली, घर फार गप्प झालंय म्हणाल्या. मी सकाळच्या बसनं आले. तुझी खुर्ची कुणी हलवली नव्हती आणि तिच्यावर कुणी बसलंही नव्हतं, त्यामुळं एवढ्याशा खोलीत लोक दाटीनं सतरंजीवर बसले होते. गीत झालं, वचन वाचून झालं. पाळकसाहेबांनी विनंत्या विचारल्या. राहेलमावशींनी गुडघ्यांसाठी सांगितलं. एका बाईंच्या मुलाची खानापूरला बदली झालीय, त्याच्यासाठी. वहिनींसाठी कुणीतरी सांगितलं, देव त्यांना धीर देवो.

मी उभी राहिले. उठायचं असं ठरवून आले नव्हते.

"अण्णासाठी," मी म्हटलं.

पाळकसाहेब तरुण आहेत, स्वभावानं मऊ आहेत. त्यांनी माझी वाट सोपी करून दिली. "म्हणजे कुटुंबाच्या सांत्वनासाठी ना, ताई?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. तुझ्यासारखी युक्तीही मला सुचली होती, एक वाटसरू लांब परमुलखात गेलाय असं सांगायची. पण तेवढी हिंमत माझ्यात नाही, आणि तुला दुसऱ्या कुणाच्या नावाआड लपवायचं मला नको होतं.

"न्हाय. अण्णासाठीच."

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. पाळकसाहेबांनी हातातलं बायबल मिटलं, परत उघडलं. "ताई, काय मागायचं?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात मला अडवणं नव्हतं, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"ते मलाबी ठाऊक न्हाय," मी म्हटलं. "सगळं त्याचं ठरलेलं हाय, मी मानते. बदलायला कायबी न्हाय. पण तुम्ही नाव तेवढं घ्या."

आम्ही डोळे मिटले. पाळकसाहेबांनी मावशींचे गुडघे घेतले, खानापूरची बदली घेतली, वहिनींचा धीर घेतला. मग थांबले. इतका वेळ थांबले की बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करून निघून गेलं. मला वाटलं, आता आमेन म्हणतील, आणि म्हटलं तर त्यांना दोष देता येणार नाही, त्यांना जे शिकवलंय तेच मीही आयुष्यभर शिकवलंय.

"आणि प्रभो," ते म्हणाले, "सुधाकर."

पुढं काहीच मागितलं नाही त्यांनी. त्या एका नावापाशी प्रार्थना संपली, आणि खोलीतून आमेन आला, एकेकाचा, मागेपुढे. माझा मला म्हणता आला नाही. मी तोंडावर पदर धरून बसले होते, आणि वहिनी माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

तू पोचलास, अण्णा. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही, बाबांची शपथ. तू सुखात आहेस, तुझा डोळा बरा आहे, तुला सगळ्या गोष्टींचे पहिले भाग वाचायला मिळाले असतील. हे सगळं मला पटतं. पण मला तू हवा आहेस, इथं, आणि ही गोष्ट देवाला सांगायला मला तुझ्या नावाशिवाय दुसरा शब्द नाही. म्हणून आज रात्री सुनांनंतर मी थांबणार नाही. तुझं नाव घेईन, मग वहिनींचं.